बोनेअरची उघडी पिकअप आणि पाण्याखालचा तो एक तास

कॅरिबियन समुद्रातल्या बोनेअर या डच बेटावर गाडी भाड्याने घेताना चावी हातात देणारा माणूस वर एक सूचनाही देतो: डायव्हिंगला उतरताना गाडीला कुलूप लावू नका, काचा खाली ठेवा. पहिल्यांदा येणाऱ्याला ही थट्टा वाटते. पण बेटावरच्या भाडेवाल्यांचं ते वर्षानुवर्षांचं शहाणपण आहे. काच बंद दिसली की चोर धरून चालतो, आत काहीतरी आहे. आणि ती फोडतो. उघड्या, रिकाम्या गाडीत तो डोकावतो, हात फिरवतो आणि पुढच्या गाडीकडे जातो. गेलेली टोपी परवडते. फुटलेल्या काचेची भरपाई आणि बुडालेला दिवस परवडत नाही.

राहण्याची जागा, पिकअप ट्रक आणि हवे तितके टँक (श्वासासाठी हवेचे सिलिंडर) हे बोनेअरचं ठरलेलं पॅकेज. बरेच डाइव्ह-रिसॉर्ट ते जवळपास याच स्वरूपात विकतात. डायव्हिंगच्या बाजूने पाहिलं तर कॅरिबियनमध्ये त्याला तोड नाही. बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर पन्नासहून अधिक जागा अशा आहेत, की रस्त्याकडेला पिवळा रंग दिलेला दगड दिसतो, त्यावर जागेचं नाव असतं. गाडी लावायची, टँक पाठीवर घ्यायचा आणि चालत पाण्यात शिरायचं. १९७९ पासून हा सगळा पट्टा सागरी उद्यान म्हणून राखलेला आहे, त्यामुळे रीफ, म्हणजे प्रवाळाची रांग, किनाऱ्याच्या इतकी जवळ आणि इतकी शाबूत मिळते. बोटीची वेळ पाळायची नाही, कुणाची वाट बघायची नाही.

चोरीचं मूळही याच सोयीत आहे. पिवळ्या दगडाशेजारी उभी असलेली पिकअप, मागच्या हौद्यात टँकच्या दोन रिकाम्या खाचा आणि आसपास कुणी नाही. याचा अर्थ वाटेने जाणाऱ्या कुणालाही कळतो: दोन पर्यटक पाण्याखाली आहेत आणि पाऊण ते एक तास वर येणार नाहीत. चोराला इतकं नेमकं वेळापत्रक दुसरा कुठलाही पर्यटक देत नाही. म्हणून कॅरिबियनमधली कुठलीही डायव्हिंग सेवा सुरक्षेच्या दृष्टीने तपासायची तर बेटावर एकूण गुन्हे किती, हा प्रश्न दुसरा. तुम्ही खाली असताना तुमच्या वस्तू कुणाच्या नजरेसमोर असतात, हा पहिला. बोनेअरच्या पॅकेजमध्ये त्याचं उत्तर आहे: कुणाच्याच नाही. बाकी व्यवस्था उत्तम असूनही त्याला पाचपैकी साडेतीन गुण द्यावे लागतात ते यामुळेच.

गाडी ताब्यात घेतानाच अर्धं काम होतं. बटणाची इलेक्ट्रॉनिक चावी मिळत असेल तर साधी धातूची चावी मागा. बटणाच्या चावीतली नाण्याएवढी बॅटरी आणि सर्किट खाऱ्या पाण्याचा एक थेंबही सहन करत नाहीत, आणि एकदा ती मेली की किनाऱ्यावर अडकलात. साधी चावी मात्र सरळ बीसीडीच्या, म्हणजे तरंगणं सांभाळायला हवा भरता येणाऱ्या जॅकेटच्या, खिशात जाते. स्टेपनी आणि जॅक जागेवर आहेत का ते पाहून फोटो काढा, कारण उघड्या गाडीतून त्याही जाऊ शकतात आणि परत करताना त्या आधीपासून नव्हत्या हे सिद्ध करता येत नाही. करारात काचा, टायर आणि आतला भाग यांवर विमा लागू आहे का, हे वाचा. बहुतेक वेळा ‘संपूर्ण विमा’ म्हणून जे विकलं जातं त्यात नेमक्या याच तीन गोष्टी वगळलेल्या असतात. ओल्या डायव्हिंग-सूटनिशी सीटवर बसल्याचा दंडही अनेक करारांत असतो. हौद्यात टँक अडकवायला लाकडी किंवा पाइपची चौकट हवी. ती नसेल तर टँक पुढच्या केबिनमध्ये ठेवण्याचा मोह होतो, आणि मग गाडी उघडी ठेवायचा सगळा हिशेबच बिघडतो.

गाडीत काय राहू द्यायचं? टँक, पाण्याची बाटली, जुना टॉवेल, फाटका टी-शर्ट. एवढंच. टँकवर दुकानाची खूण असते आणि बेटावर ते विकायला गिऱ्हाईक नाही, म्हणून त्यांना सहसा कुणी हात लावत नाही. मात्र दोन डाइव्हच्या मधल्या वेळात कुठेतरी जेवायला गेलात आणि रेग्युलेटर (टँकमधली हवा तोंडापर्यंत आणणारं उपकरण), बीसीडी, कॅमेऱ्याचं हाउसिंग (पाणबंद आवरण) हौद्यात उघडं ठेवलंत, तर ते गेल्यावर नवल वाटून घेऊ नका. डायव्हर लोक पाकीट खोलीत ठेवतात, फोनही ठेवतात, पण चष्मा विसरतात. नंबरचा चष्मा डॅशबोर्डवर काढून ठेवून नंबरचा मास्क लावला, वर आल्यावर चष्मा नाही, आणि गाडी चालवायला तोच लागतो. जुना, जादा चष्मा सोबत न्या. चपला पाण्याच्या कडेला ठेवण्यापेक्षा जाड तळव्याचे बूट घालून उतरा. बोनेअरचा किनारा वाळूचा कमी आणि तुटक्या प्रवाळाचा जास्त, त्यामुळे ते तसेही लागतातच.

चावी टायरवर किंवा बंपरखाली लपवणं ही सर्वात जुनी आणि सर्वात निरुपयोगी युक्ती आहे. लांबून दुर्बिणीची गरज पडत नाही. वाकून काहीतरी ठेवणारा माणूस पन्नास मीटरवरूनही ओळखू येतो. चावी बीसीडीच्या आतल्या डी-रिंगला (धातूच्या कडीला) बोल्ट-स्नॅपने, म्हणजे खटक्याच्या हुकाने, अडकवा आणि वर झिप असलेल्या खिशात घाला. नुसत्या खिशात टाकली आणि खाली स्लेट (पाण्याखाली लिहायची पाटी) काढायला खिसा उघडला, की ती तळाशी जाते. सुती दोरीने गळ्यात बांधू नका. सूट काढताना ती तुटते.

वाहन परवाना आणि थोडे पैसे मात्र जवळ हवेत. प्लॅस्टिकचं कार्ड पाण्यात बिघडत नाही, ते तसंच खिशात जातं. बेटावर २०११ पासून अमेरिकी डॉलर हेच चलन आहे. वीस डॉलरची एक नोट छोट्या पाणबंद डबीत पुरते. फोन नेण्याचा हट्ट असेल तर थोडं विज्ञान लक्षात घ्या. तीस मीटरवर एकूण दाब चार बार, म्हणजे पृष्ठभागाच्या चौपट. फोनवर लिहिलेला पाणबंदपणा बहुधा दीड ते सहा मीटर आणि अर्ध्या तासाच्या चाचणीवर बेतलेला असतो, डायव्हिंगवर नाही. मऊ प्लॅस्टिकची पिशवी खाली गेली की आतली हवा दबते, पिशवी फोनला घट्ट चिकटते आणि पडद्यावर दाब येतो. कडेची चिकटपट्टी जरा जरी सैल असेल तरी पाणी आत. कडक, ओ-रिंगवाला (झाकणाला रबरी कडं असलेला) डबा घ्या, आणि त्यावर तुमच्या सर्वात खोल डाइव्हपेक्षा जास्त खोलीचा आकडा छापलेला हवा.

पहिल्या डाइव्हला तो डबा रिकामा न्या, आत फक्त टिश्यू पेपर. वर आल्यावर कागद कोरडा असेल तरच पुढच्या वेळी त्यात काही ठेवा. गळती जवळजवळ नेहमी ओ-रिंगवरच्या एका केसामुळे किंवा वाळूच्या कणामुळे होते. झाकण लावण्याआधी रिंगवरून बोट फिरवा, तांदळाच्या दाण्याएवढं सिलिकॉन ग्रीस पुरतं. उन्हात तापलेली हवा आत बंद करून गार पाण्यात उतरलात तर आत दाब कमी होतो आणि वर आल्यावर झाकण निघता निघत नाही. अशा वेळी पक्कड लावू नका, डबा थोडा वेळ उन्हात ठेवा. आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही: पाव लिटरचा डबा सुमारे पाव किलो पाणी बाजूला सारतो. आत फोन असला तर फारसा फरक पडत नाही, पण जवळजवळ रिकामा डबा डाइव्हच्या शेवटी, टँक हलका झाल्यावर, वर येताना सुरक्षेसाठी पाच मीटरवर थांबलात की वर ओढतो. वजनाचा हिशेब त्याप्रमाणे करा.

जागा निवडतानाही फरक पडतो. ‘थाउजंड स्टेप्स’ला हजार पायऱ्या नाहीत, सत्तरीच्या आसपास आहेत, टँक घेऊन वर येताना हजार वाटतात, तेवढंच. तिथे गाडी वर रस्त्यावर आणि तुम्ही खाली समुद्रात, मध्ये कडा. गाडी दिसणं शक्यच नाही. तिथून कार्पाटाकडे जाणारा किनारी रस्ता पुढे एकेरी होतो, म्हणजे काही विसरलं म्हणून झटकन मागे वळता येत नाही, रिंकॉन गावामार्गे मोठा वळसा पडतो. दक्षिणेकडे मिठागरांच्या पुढे, रेड स्लेव्ह आणि विलेम्सटोरेन दीपगृहाच्या बाजूला, वर्दळ अगदी विरळ. पाण्याचा ओढही तिथे जोरदार असतो, त्यामुळे वर येण्याची जागा आणि गाडी यांत अंतर पडू शकतं. सॉल्ट पिअरला, म्हणजे मीठ भरायच्या धक्क्याला, दिवसा बऱ्यापैकी गर्दी असते, ते बरं. धक्क्याला जहाज लागलेलं असेल तर मात्र तिथे उतरता येत नाही. हिल्मा हूकर या बुडालेल्या जहाजापाशीही बहुतेक वेळा दोन-चार गाड्या असतात. बोनेअरच्या गुन्हेगारीच्या इतिहासातला एक मोठा ऐवज याच जहाजावर सापडला होता: खोट्या भिंतीमागे लपवलेला गांजा. जहाज जप्तीत असतानाच १२ सप्टेंबर १९८४ रोजी बुडालं आणि आता सुमारे तीस मीटरवर आडवं पडलं आहे.

दोन गाड्यांचा गट असेल तर आळीपाळीने उतरा. वर बसलेली दोन माणसं हा सगळ्यात स्वस्त पहारा. रात्रीची डाइव्ह निर्जन किनाऱ्यावरून करू नका. तिथे मिळणारं सगळं रात्री हॉटेलच्या हाउस रीफवरही (हॉटेलसमोरच्याच रीफवर) मिळतं, धक्क्याला दिवा असतो आणि गाडीचा प्रश्नच येत नाही. रात्री रस्त्यावर गाढवं मोकळी हिंडतात, हा बोनेअरचा आणखी एक खास धोका; काळोखात ती शेवटच्या क्षणी दिसतात.

खोलीत मात्र उलटा नियम. गाडी उघडी, पण खोली बंद. तळमजल्याच्या सरकत्या काचेच्या दाराची खिट्टी अनेकदा नावापुरती असते. खालच्या खाचेत एक जाड काठी आडवी टाकली की दार सरकत नाही. ओले सूट व्हरांड्यात वाळत घाला हवे तर, पण रेग्युलेटर आणि डाइव्ह कॉम्प्युटर (मनगटावरचं खोली-वेळ मोजणारं यंत्र) रात्री आत घ्या किंवा डाइव्ह शॉपच्या कुलूपबंद खोलीत ठेवा. तिजोरी भिंतीला बोल्टने जखडलेली आहे का, ते हलवून पाहा. कपाटात नुसती ठेवलेली तिजोरी म्हणजे चोराला उचलायला सोपं पडावं म्हणून एकत्र बांधून दिलेलं गाठोडं.

एवढं करूनही चोरी झाली, तर काच साफ करत बसू नका. फोटो काढा, ९११ वर कळवा, पोलिसांकडे जाऊन लेखी नोंद करा. डच कायद्याच्या बेटांवर त्या कागदाला ‘प्रोसेस-फरबाल’ म्हणतात. नोंदणी क्रमांक घेतल्याशिवाय निघू नका. पुढे येणारी कोझुमेल आणि रोआटान ही बेटं ज्यांची, त्या मेक्सिको आणि होंडुरासमध्ये शब्द आहे ‘देनुन्सिया’. भाडेवाल्याला त्याच दिवशी सांगा. चोर समोरासमोर भेटला तर वाद घालू नका, देऊन टाका. टँक पाठीवर, फिन्स हातात, अशा अवस्थेत कुणी कुणाशी झटापट करत नाही.

शेजारच्या कुरासावमध्येही गाडी लावून किनाऱ्यावरून उतरायची हीच पद्धत आहे, आणि दुखणंही तेच. फरक असा, की तिथले बरेच चांगले किनारे प्रवेशशुल्क किंवा पार्किंगचे पैसे घेतात, आणि त्या पैशात माणसांची ये-जा आणि थोडी नजर मिळते. पोर्तो मारीसारखा किनारा म्हणून निर्धास्त वाटतो. फुकटच्या आडबाजूच्या खाडीपेक्षा ते शुल्क स्वस्तच. कुरासावमध्ये ३१ मार्च २०२५ पासून नवा कॅरिबियन गिल्डर आला, जुन्या अँटिलियन गिल्डरच्या जागी. एका डॉलरला १.७९ हा दर तोच राहिला. जुन्या नोटा कुणी सुटे म्हणून हातावर ठेवत असेल तर घेऊ नका. पोलिसांसाठी ९११, रुग्णवाहिकेसाठी ९१२.

ग्रँड केमनमध्ये किनाऱ्यावरची डाइव्ह जवळपास नेहमी एखाद्या डाइव्ह शॉपच्या आवारातूनच होते. पायऱ्या, शॉवर, सामान धुवायच्या टाक्या, लॉकर, समोर दुकानातली माणसं. ‘खाली असताना कुणाची नजर’ या कसोटीवर ही व्यवस्था बोनेअरपेक्षा सरळ वरचढ आहे. महाग आहे, फार महाग आहे, पण एकट्याने प्रवास करणाऱ्या डायव्हरने पहिल्या खेपेला इथेच जावं.

होंडुरासच्या रोआटान बेटाचं चित्र उलटं. तिथे डायव्हिंग बोटीवरून होतं, बहुतेक शॉप पाण्याच्या काठावर, सामान रात्री त्यांच्याच कोठारात राहतं. म्हणजे पाण्याखालचा तास सुरक्षित. जपायचं ते पाण्याबाहेर. वेस्ट एंड आणि वेस्ट बे यांना जोडणारी किनाऱ्याची पायवाट दिवसा सुंदर आहे, अंधार पडल्यावर टाळायची. त्याऐवजी दिवसा वॉटर टॅक्सी, रात्री हॉटेलने बोलावलेली टॅक्सी, आणि भाडं बसण्यापूर्वी ठरवून, माणशी की गाडीचं हे विचारून. अमेरिकी परराष्ट्र खात्याची प्रवाससूचना चार पायऱ्यांची असते आणि होंडुरास बरीच वर्षं तिसऱ्या पायरीवर, म्हणजे ‘प्रवासाचा फेरविचार करा’ या गटात आहे. तो आकडा संपूर्ण देशाचा आहे. सान पेद्रो सुला आणि तेगुसिगाल्पा इथल्या टोळ्यांचा भार त्यात मोठा. आकडा बघून बेट रद्द करण्यापेक्षा आतला मजकूर वाचा. व्यावहारिक निष्कर्ष असा, की विमान थेट रोआटानलाच घ्या, मुख्य भूमीवर रात्रीचा मुक्काम पडेल असं तिकीट काढू नका. स्वस्त तिकिटात वाचलेले पैसे नेमके तिथे जातात.

मेक्सिकोच्या कोझुमेल बेटावरही बोटीचंच राज्य. प्रवाहाबरोबर वाहत जायचं, बोट वरून बुडबुड्यांच्या मागे येते, आणि सुका डबा बोटीवरच राहतो. इथे फसवणूक होते ती रस्त्यावर. टॅक्सीला मीटर नाही, भाडी ठरावीक टप्प्यांची असतात. हॉटेलमध्ये दरपत्रक पाहून घ्या. स्कूटर भाड्याने घेताना अनामत म्हणून पासपोर्ट कधीही देऊ नका, कारण परत करताना जुना ओरखडा तुमच्या नावावर चढवला तर पासपोर्ट त्यांच्या हातात असतो. घेतानाच गाडीभोवती फिरून व्हिडिओ काढला तर तो वाद उभाच राहत नाही. एटीएम बँकेच्या आतलं वापरा, आणि यंत्राने ‘तुमच्या चलनात रूपांतर करू का’ असं विचारलं तर नाही म्हणा. तो दर नेहमी महाग पडतो. मेक्सिकोत सर्वत्र मदतीचा क्रमांक ९११.

बेलीझबद्दल फार लिहायची गरज नाही. डायव्हर ज्या बेटांवर जातात तिथे भुरट्या चोरीपलीकडे त्रास कमी, आणि ज्या बेलीझ सिटीचं नाव वाईट आहे तिथे त्यांना काही कामही नसतं. विमानतळावरून हिरव्या नंबर-पाटीची अधिकृत टॅक्सी घ्या, थेट बोटीच्या धक्क्यावर जा, आणि शहरात हिंडायचा बेत आखू नका. बहामासबाबत अमेरिकी सूचनेत किनाऱ्यावरच्या जेट-स्की चालकांकडून झालेल्या लैंगिक अत्याचारांचा उल्लेख आहे. डाइव्ह-बोट सोडून वाळूवर फिरणाऱ्या कुठल्याही ‘स्वस्त फेरी’ला बळी पडू नये. जमैकात पोलिसांचा क्रमांक ११९ आहे, ९११ नाही.

आता बॅगेबद्दल, कारण इथे गुन्हेगार तुम्हीच ठरू शकता. टर्क्स अँड केकोसमध्ये सामानात एखादी विसरलेली गोळी, बंदुकीची, सापडली तरी किमान बारा वर्षांची शिक्षा होती. जून २०२४ मध्ये कायदा बदलून न्यायाधीशांना मोकळीक मिळाली, पण अटक आणि खटला टळत नाही. शिकारीला किंवा नेमबाजीला नेलेली बॅग डायव्हिंगला वापरणाऱ्यांनी तिचा प्रत्येक कप्पा उलटा करून झटकावा. जमैका, बार्बाडोस, सेंट लुशिया, ग्रेनाडा, त्रिनिदाद अँड टोबॅगो इथे लष्करी ठिपक्यांचे (कॅमोफ्लाज) कपडे सामान्य माणसाने घालणं बेकायदा आहे. त्यात टोपी आणि पिशवीही आली, मग तशाच नक्षीचा सूट न्यायचा कशाला? बहामासमध्ये घोडा असलेली स्पिअरगन (भाला मारणारी बंदूक) चालत नाही. रबराच्या ताणाने हाताने मारायचा हवाईयन स्लिंग किंवा पोल स्पिअर चालतो, तोही टँक न लावता. बोनेअरच्या उद्यानात भाल्याने मासेमारीही नाही आणि हातमोजेही नाहीत.

विम्याच्या बाबतीत दोन वेगळे कागद लागतात आणि लोक एकावर भागवतात. डायव्हर्स अलर्ट नेटवर्कसारख्या संस्थेचा डायव्हिंग विमा डीकंप्रेशनचा (वर लवकर आल्याने रक्तात बुडबुडे होण्याच्या आजाराचा) उपचार आणि तिथवर पोहोचवणं पाहतो. चोरीला गेलेल्या रेग्युलेटरशी त्या मूळ पॉलिसीचा संबंध नसतो. प्रवास विमा चोरीची भरपाई देतो, पण बहुतेक पॉलिसींत ‘लक्ष न ठेवता सोडलेलं सामान’ वगळलेलं असतं, आणि बोनेअरच्या उघड्या गाडीतलं सामान त्यात नेमकं बसतं. काही पॉलिसींना तर जबरदस्तीने आत शिरल्याची खूणच हवी असते. भाडेवाला उघडी ठेवा म्हणतो आणि विमावाला बंद होती का विचारतो. यातून वाट एकच: गाडीत भरपाई मागण्यासारखं काही ठेवायचंच नाही. खोलीतून किंवा शॉपमधून चोरी झाली तर दावा टिकतो, मात्र पोलिसांत तक्रार बहुधा चोवीस तासांच्या आत हवी. फर्स्ट स्टेजच्या (रेग्युलेटरच्या टँकला जोडणाऱ्या भागाच्या) अंगावर आणि डाइव्ह कॉम्प्युटरच्या पाठीवर कोरलेला क्रमांक, खरेदीची पावती आणि सामान पसरून काढलेला एक फोटो निघण्याआधी स्वतःलाच ईमेल करून ठेवा. फोन गेला तर फोनमधले फोटोही त्याच्याबरोबरच जातात.